देखरेखीखालचा ब्रदर

मी परिचारक आहे. बेंगळुरूच्या रुग्णालयांत पुरुष परिचारकाला 'ब्रदर' म्हणतात. छत्तीस वर्षे मी या हाकेला ओ देत आलो. वय एकसष्ट. त्या छत्तीस वर्षांतील शेवटची तीन वर्षे मी रुग्णांसाठी आलेले वेदनाशामक इंजेक्शन चोरून स्वतःला टोचून घेत होतो. शेवटचे घेतल्याला एक वर्ष सात महिने झाले.

'चोरून' हा शब्द ठेवावा की काढावा, याविषयी माझ्या डॉक्टरांचे आणि माझे एकमत नाही. मी ठेवला आहे.

लिहिण्याचे कारण एकच. आमच्या व्यवसायातील ज्याला हा आजार होतो, त्याला पुढे काय घडते हे सांगणारे कोणी भेटत नाही. मलाही भेटले नाही. मी सांगेन ते पुरेसे नसेल, कारण यातले बरेच मला अद्याप समजलेले नाही.

दोन कागद

एका जड रुग्णाला एकट्याने उचलताना माझ्या कंबरेचा मणका सरकला. मदत मागायला हवी होती. मागितली नाही. काही महिने गोळ्यांवर काढले, मग गोळ्या पुरेनात.

शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डाचा मी इन्चार्ज होतो. असले औषध दुहेरी कुलपाच्या कपाटात असते. रुग्णाला अर्धीच कुपी लागली, तर उरलेले औषध दुसऱ्या परिचारिकेच्या डोळ्यांसमोर ओतून टाकायचे आणि दोघांनी नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. मी ओतत नव्हतो.

एके दुपारी स्टाफच्या स्वच्छतागृहाचे दार तोडावे लागले. आत मी बसलेल्या अवस्थेत सापडलो. श्वास चालू होता, इतकेच.

शुद्धीवर आल्यानंतर त्याच दिवशी मला दोन कागद मिळाले. एकावर आजाराचे नाव होते, दुसऱ्यावर गैरवर्तनाचे कलम. दोन्हींवर माझे नाव, वय आणि पत्ता अक्षरशः सारखा. यांतला माझा कोणता, असे मी मानसोपचाराच्या डॉक्टरांना विचारले. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी दोन्ही वाचले आणि म्हणाल्या, "दोन्ही."

तेव्हापासून मी त्या उत्तराचा विचार करीत आहे.

पत्नीला ऑफिसातून कोणीतरी कन्नडमध्ये सांगितले. इंदिरा आली, खुर्ची ओढून बसली. घरात सुई कुठे ठेवत होता, असे तिने विचारले. घरी कधीच आणली नाही, असे मी सांगितले. ते खरे होते. तिचे समाधान होईल असे मला वाटले होते.

ती म्हणाली, "मग रोज घरी येऊन जेवत होता, तो कोण?"

रुग्णालयाने पोलिसांत तक्रार केली नाही. माझी नोंदणी ज्या परिषदेकडे आहे, तिला कळवले आणि मला कामावरून काढले. ही दया होती की बदनामीची भीती, हे मी ठरवू शकलो नाही.

पलंगावर

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात मी सहा आठवडे होतो. अंगाचे काय होते ते पुस्तकांत आहे. मी लिहीत नाही. पाय दुखतात, एवढे लक्षात ठेवावे. पाय असे दुखतात की माणूस ते काढून बाजूला ठेवू इच्छितो. एक आया रोज सकाळी न सांगता गरम पाण्याची बादली आणून ठेवीत असे. तिचे नाव विचारायचे राहून गेले.

सकाळी सहाला खिसे तपासत. गोळी दिल्यानंतर तोंड उघडायला लावत, जीभ वर करायला लावत. हे काम एक विशीतली सिस्टर करी. ती रक्तदाबाचा पट्टा चुकीच्या जागी बांधते, हे मी तिला दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ब्रदर, आज तुम्ही पेशंट आहात. स्वल्प गप्प बसा."

पट्टा मात्र तिने नीट बांधला.

दुपारी सर्वांनी गोल बसून बोलायचे असे. मी बोलत नसे. शेजारी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ चालवणारा मध्यमवयीन गृहस्थ बसे, दारूसाठी आलेला. माझी हकिकत त्याने कुठूनतरी मिळवली होती. एकदा सर्वांसमोर तो म्हणाला, "अण्णा, आम्हाला दुकानापर्यंत चालत तरी जावं लागायचं. तुम्हाला तर चावीही तेच देत होते आणि पगारही." सगळे हसले. डॉक्टर बाईसुद्धा. मला राग आला आणि तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी दाढी करताना मला हसू आले. तीन वर्षांत पहिले असावे.

मुलगी रेवती रविवारी चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा घेऊन येई. ती बोलत नसे, मीही बोलत नसे. डबा रिकामा झाला की ती जाई. यालाच भेट म्हणतात की आणखी काही, हे मी तिला विचारले नाही.

साक्षीदार

हा भाग मला टाळता आला असता.

उरलेले औषध ओतताना साक्षीदार लागतो, असे वर लिहिले आहे. माझे साक्षीदार होते. नोंदवहीत प्रत्येक वेळी दुसरी सही आहे. वॉर्डातल्या मुली न पाहता सही करीत, कारण मी कडक होतो. आमच्या व्यवसायात वरिष्ठाच्या हाताकडे टक लावून पाहणे उद्धटपणाचे समजतात. मी लांबून 'सही' एवढेच म्हणे आणि सही होई. माझ्या शिस्तीचे रुग्णालयात कौतुक होते. त्याच शिस्तीने नियम मोडून ठेवला होता, आणि तो मोडला आहे हे माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

एका मुलीने मात्र एकदा विचारले. शैलजा तिचे नाव, तेव्हा नोकरीच्या चौथ्या वर्षात होती. "ब्रदर, ओतताना दाखवता का?" मी तिच्याकडे पाहिले आणि माझ्यावर विश्वास नाही का, असे विचारले. तिने सही केली.

चौकशीत तिच्या सह्या सर्वांत जास्त निघाल्या. तिचे कंत्राट पुढे वाढवले गेले नाही.

दोष माझा आहे, तिचा नाही, असे मी परिषदेला लेखी कळवले. त्यांनी नोंद घेतली. नोंदीने नोकरी परत येत नाही. तिने चौकशीत माझ्याविरुद्ध एक शब्दही उच्चारला नाही, असे मागाहून कळले. हा आदर होता, भीती होती की तिरस्कार, हे मला कळत नाही. तिला लिहिलेले पत्र डॉक्टर बाईंनी वाचून परत दिले. ते तिच्यासाठी नसून माझ्यासाठी आहे, असे त्यांचे मत पडले. मी ते पाठवले नाही.

परिषदेचे पत्र

नोंदणी रद्द झाली नाही. ती तीन वर्षांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आली. अशा औषधाच्या कपाटाची चावी मी बाळगायची नाही. रात्रपाळी करायची नाही. वरिष्ठ परिचारिकेच्या हाताखालीच काम करायचे आणि तिने दर तीन महिन्यांनी माझ्याविषयी अहवाल द्यायचा. कोणत्याही सकाळी फोन येईल, त्या दिवशी चारच्या आत ठरलेल्या प्रयोगशाळेत लघवीचा नमुना द्यायचा. आणि नोकरी देणाऱ्याला हे पत्र पहिल्या दिवशी दाखवायचे.

इथवर मला समजले. पुढचे समजायला परिषदेच्या खिडकीपाशी जावे लागले. नोकरी नसेल तर अहवाल देणारे कोणी नाही, म्हणून नोकरी लागेपर्यंत तीन वर्षांची सुरुवातच होत नाही. आणि एका वर्षात नोकरी लागली नाही, तर नोंदणी संपते. नोंदणी संपली की मी परिचारक उरत नाही. छत्तीस वर्षांत मी दुसरे काही शिकलेलो नाही.

हे पत्र दाखवल्यावर नोकरी कोण देईल, असे मी खिडकीतल्या कारकुनाला विचारले. ते परिषदेच्या कक्षेत येत नाही, असे त्याने सौजन्याने सांगितले.

दारोदार

अर्ज रेवतीने संगणकावर करून दिले. पहिल्याच ओळीत देखरेखीचा उल्लेख हवा, असे मी सांगितले. तिने हात थांबवले.

"अण्णा, पहिल्या ओळीत असं कोण लिहितं?"

"पत्रात पहिल्या दिवशी असे म्हटले आहे."

"नोकरीच्या पहिल्या दिवशी. अर्जाच्या नाही. आधी तुम्हाला बघू तरी द्या लोकांना."

तिचे म्हणणे बरोबर होते. मी ऐकले नाही. त्या अर्जांपैकी एकालाही उत्तर आले नाही. मी प्रामाणिक होतो की नुसता हट्टी, याचा निकाल घरात आजही लागलेला नाही.

मग मी प्रत्यक्ष जाऊ लागलो. राजाजीनगरात आमच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे एक नर्सिंग होम आहे. तेथील डॉक्टरांनी कॉफी पाजली, पत्र वाचले, फार वाईट वाटले म्हणाले, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. मी गेलो. पुन्हा कॉफी. तीन वेळा कॉफी झाल्यावर मी जाणे बंद केले.

पीण्यातल्या एका कारखान्याला प्रथमोपचाराच्या खोलीत माणूस हवा होता. मॅनेजरला माझे वय आवडले. पत्र दाखवू लागलो, तर तो म्हणाला की राहू द्या, इथे पट्ट्या आणि भाजल्याचे मलम एवढेच असते. मात्र तिथे वरिष्ठ परिचारिका नव्हती. अहवाल मॅनेजर देईल का, असे मी खिडकीवर विचारून आलो. चालणार नाही, असे उत्तर मिळाले. इंदिरेचे मत होते की तरीही घ्यावी. घरात बसून तिच्या सारात मीठ जास्त की कमी हे सांगण्यापेक्षा तेवढे बरे. मी घेतली नाही. दोन दिवस सार अळणी झाले.

घरी जाऊन शुश्रूषा करणारी माणसे पुरवणाऱ्या एका एजन्सीने मात्र लगेच बोलावले. कर्करोगाच्या एका रुग्णाकडे एकट्याने राहायचे होते. उशाशी डबाभर मॉर्फीनच्या गोळ्या. मी पत्र पुढे केले आणि जाता येणार नाही असे सांगितले. एजन्सीच्या बाई हसल्या. "नियमाला इतका जपणारा माणूस तीन वर्षं कुठे होता?"

मी पत्राची घडी घालून निघालो. पायऱ्या उतरताना मला जाणवले की त्या डब्याचे वर्णन मी फार लक्षपूर्वक ऐकले होते. ते मी डॉक्टर बाईंना सांगितले. सांगितले हे चांगले झाले, असे त्या म्हणाल्या. ऐकले हे चांगले होते का, याविषयी त्या काही म्हणाल्या नाहीत.

अकरावा महिना लागला.

होसकोटे

होसकोटेला अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे एक केंद्र आहे. तीस खाटा. तेथील मुख्य परिचारिका कमलम्मा, पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा. आमचे बोलणे कन्नडमध्ये झाले. मी मराठीत देत आहे.

त्यांनी पत्र दोनदा वाचले. मग विचारले, "हे तुम्ही बरे झाल्याचं पत्र आहे, की न झाल्याचं?"

"मला माहीत नाही."

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सगळं माहीत असलेले तिघे येऊन गेले. एकही महिनाभर टिकला नाही. चावी माझ्या कमरेला असते. ती तिथेच राहील. कूस बदलणं, पुसणं, जखमा बांधणं, हे सगळं येतं ना?"

येते, असे मी म्हणालो. छत्तीस वर्षांच्या अनुभवाविषयी मी काही बोललो नाही. त्यांनीही विचारले नाही.

राजाजीनगराहून दोन बस बदलून होसकोटे गाठायला दोन तास लागतात. सकाळी साडेपाचला निघावे लागते. इंदिरा डबा देते. न बोलता देते, पण देते.

नमुन्याचा फोन कोणत्याही दिवशी येतो. कमलम्मांकडून अर्धा दिवस मागून घ्यावा लागतो, आणि कशासाठी हे सर्वांना ठाऊक असते. प्रयोगशाळेतला माणूस समोर उभा राहून पाहतो. तसा नियमच आहे. साठी उलटलेल्या पुरुषाला समोर कोणी उभे असताना लघवी होत नाही. पहिल्या वेळी पाऊण तास गेला. दुसऱ्या वेळी त्या माणसाने न सांगता शेजारचा नळ बारीक सोडून ठेवला. असल्या गोष्टींची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही, म्हणून इथे करतो.

तिमाही अहवाल

पहिली तिमाही संपत आली. अहवालाचा नमुना तीन पानांचा, इंग्रजीत. तो वेळेत पोहोचला नाही, तर अट मोडली असे धरून नोंदणी काढून घेता येते, हे पत्रात स्पष्ट लिहिले आहे. पाच दिवस उरले असता मी तो कमलम्मांपुढे ठेवला. त्यांची गडबड चालली होती. दोन आया आल्या नव्हत्या. त्यांनी पाने उलटली, तिसऱ्या पानाच्या तळाशी सही केली, शिक्का मारला आणि कोरा अहवाल माझ्या हाती दिला.

"भरून टाका, अण्णा. तुमच्यासारख्या माणसाचं काम मी काय तपासणार?"

मी तो पिशवीत ठेवला. काम संपवून बसथांब्यावर गेलो. कोणत्या रकान्यात काय लिहायचे ते मनात ठरलेही होते. वक्तशीरपणा, उत्तम. वर्तन, समाधानकारक. यांत खोटे काही नव्हते. मी वक्तशीर आहे. बस आली. मी चढलो नाही. त्या क्षणी विचार केला असे मला आठवत नाही. पाय परत वळले, एवढे खरे.

कमलम्मा जेवणाची ताटे मोजत होत्या. मी अहवाल पुढे केला आणि म्हणालो की तुम्ही पाहिलेले नाही. न पाहता केलेली सही मला चालणार नाही.

त्यांना राग येणे योग्यच होते. "सही नाही दिली तरी त्रास, दिली तरी त्रास. तुम्हाला नोकरी हवी आहे की नको?"

"हवी आहे."

"मग?"

मग मी शैलजाविषयी सांगितले. ताटे वाढणाऱ्या दोघीजणी ऐकत होत्या. कामाच्या जागी, मोठ्याने, मी हे पहिल्यांदाच बोललो. चार वाक्ये झाली. कमलम्मांनी ताटे पुरी मोजली. नंतर पेन काढून आपल्या सहीवर आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली आणि उद्या सकाळी आठला बघते असे म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस त्या चष्मा लावून, अहवाल हातात धरून माझ्यामागे खाटेखाटेला फिरल्या. मी कूस बदलली की वाकून पाठ पाहत. पट्टी सोडली की जखम पाहत. एका रुग्णाच्या मुलाला मी भेटीची वेळ संपल्याचे सांगितले, तेही त्यांनी ऐकले. माझ्या तरुणपणी मी अशी तपासणी सहन केली नसती. या वयातही सहज केली असे नाही. मान अवघडली होती.

सात नंबरच्या खाटेवर एक निवृत्त शाळामास्तर आहेत. बोलणे सोडून त्यांचे सगळे थकले आहे. ते कमलम्मांना म्हणाले, "काय अक्का, ब्रदर परीक्षेला बसलाय?"

"बसलाय."

"पास करा हो. तोंड कडू आहे, पण हात थंड नसतात त्याचे."

तिसऱ्या दिवशी अहवाल मिळाला. इंग्रजी रकान्यांत कमलम्मांनी कन्नड लिहिले होते. मी तो बसमध्ये वाचला. वक्तशीर. जखमांचे काम चांगले, इतरांनी शिकावे असे. नातेवाइकांशी बोलणे फार कडक. दोनदा सांगून फरक थोडाच. आणि शेवटच्या रकान्यात असे:

'मी औषधाचे कपाट उघडते तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. रोज. ओढ गेली म्हणून, की आहे म्हणून, हे मला सांगता येत नाही. मी पाहत राहीन.'

खाली नवी सही, नवा शिक्का.

मी असा उभा राहतो, हे मला माहीत नव्हते.

खिडकीतल्या कारकुनाने अहवाल शेवटपर्यंत वाचला. यात 'समाधानकारक' कुठेच लिहिलेले नाही, असे त्याने दाखवून दिले. वाटल्यास नेऊन नीट लिहून आणा, अजून एक दिवस आहे, असेही तो म्हणाला. त्याच्या परीने तो मदतच करीत होता.

"पाहून लिहिले आहे," मी म्हणालो. "असेच घ्या."

त्याने माझ्याकडे पाहिले, खांदे उडवले आणि पोच दिली. बारापैकी एक अहवाल झाला. तो माझ्या बाजूने आहे की विरुद्ध, हे त्याला कळले नाही. मलाही कळलेले नाही.